वधूचा शृंगार : हुनरही हवा, हिशोबही हवा

लग्नाचा खर्च कोणकोणत्या धंद्यांत वाटला जातो, याचा अंदाज कापडाच्या व्यापाऱ्याइतका क्वचितच कोणाला असेल. शालू, शरारा, दुपट्टा घ्यायला आलेली मंडळी गादीवर बसून साऱ्या लग्नाचाच हिशोब करीत असतात. सोनार किती, मंडप किती, बिर्याणीच्या देगा किती, फोटोवाला किती. पूर्वी या यादीत वधूच्या शृंगाराचे नाव नसे. घरातली भाभी किंवा खाला काजळ, पावडर लावून वधूला तयार करीत असे. आज शहरात काय आणि तालुक्याच्या गावात काय, ‘मेकअपवाली ठरली का?’ हा प्रश्न कपड्यांच्या आधी विचारला जातो. शराऱ्याचा रंगही कधी कधी तिला विचारून ठरतो.

ज्या अर्थी गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे, त्या अर्थी हा एक धंदा आहे, आणि धंद्याचे जे नियम कापडाला, चामड्याला, जरीला लागू आहेत तेच यालाही लागू आहेत. आमच्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरांतील मुली आज हे काम करतात. यंत्रमागाच्या गावांत मंदीच्या दिवसांत मुलीच्या या कमाईवर घर चाललेले आम्ही पाहिले आहे. तरीही बहुतेक घरांत या कामाला ‘शौक’ म्हटले जाते. या मुली मागे पडतात त्या हातात कसब नसल्यामुळे नव्हे. त्यांच्या कामाला दर नाही, चिठ्ठी नाही आणि वही नाही म्हणून. हे काम धंदा म्हणून कसे उभे करावे, याची माहिती येथे देत आहोत.

फ्रीलान्स म्हणजे काय?

पार्लरमध्ये नोकरी करणारीला महिन्याचा पगार मिळतो. गिऱ्हाईक, जागा आणि सामान मालकाचे असते. फ्रीलान्स काम करणारी कोणाची नोकर नसते. ती स्वतःचे सामान घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी किंवा हॉलवर जाते, दर स्वतः ठरवते आणि नफा-तोटाही स्वतःच सोसते. दुकानाचे भाडे आणि पागडी वाचते, ही जमेची बाजू. काम नाही त्या दिवशी कमाई नाही, ही दुसरी बाजू. पगारदार माणूस रिकामा दिवस मालकाच्या खात्यावर टाकतो. फ्रीलान्सरला तो आपल्या दरातच धरावा लागतो. हा मुद्दा पुढे दराच्या हिशोबात येईल.

शिकावे कोठे?

शासनाच्या काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे. अनेक जिल्ह्यांत जनशिक्षण संस्थान आहे. तेथे सौंदर्य व्यवसायाचे छोटे अभ्यासक्रम अल्प फीमध्ये चालतात. याखेरीज खासगी अकादमी आहेत आणि त्यांच्या जाहिराती गल्लोगल्ली लागलेल्या दिसतात. फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. एका तुकडीत किती मुली बसतात? प्रत्येकीला किती खऱ्या चेहऱ्यांवर हात चालवायला मिळतो? आणि सामान स्वच्छ कसे ठेवायचे हे शिकवतात की नाही? चकचकीत सर्टिफिकेट भिंतीवर शोभते, पण गिऱ्हाईक सर्टिफिकेट पाहून दुसऱ्यांदा येत नाही.

अभ्यासक्रमानंतर एखाद्या जाणत्या कलावतीच्या हाताखाली एक पूर्ण लग्नहंगाम काढावा. जरीचा कारागीर उस्तादाशेजारी बसून शिकतो, तसेच हे आहे. वधू रडू लागली तर काय करायचे, वरात लवकर आली तर कोणते काम आधी उरकायचे, दहा बायकांच्या गराड्यात हात कसा स्थिर ठेवायचा, हे वर्गात कळत नाही. आपल्याकडे हा हुनर जुना आहे. मराठी रंगभूमीने त्याला ‘रंगभूषा’ असे नाव दिले. हिंदी सिनेमाचे नामवंत रंगभूषाकार पंढरी जुकर, ज्यांना सारे पंढरीदादा म्हणत, त्यांनी कित्येक दशके हे काम केले आणि पुढच्या पिढीतील अनेकांना शिकवले. २०२० मध्ये ते वारले.

सामान थोडे, पण अस्सल

नव्या दुकानदाराची पहिली हौस म्हणजे कपाट भरणे. माल पडून राहतो आणि भांडवल अडकते. मेकअपच्या पेटीचेही तसेच. त्यातही एक जास्तीची अडचण आहे : कापडाचे थान दोन वर्षे टिकते, मस्कारा टिकत नाही. उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत तो टाकून द्यावा लागतो. बऱ्याच डब्यांवर उघड्या झाकणाच्या डबीचे चित्र आणि आत ‘१२ एम’ असा अर्थाचा शिक्का असतो. उघडल्यापासून १२ महिने, असा त्याचा अर्थ. म्हणून डबी उघडली त्या दिवशीची तारीख तिच्या बुडाला लिहून ठेवावी.

सुरुवातीला फाउंडेशनच्या चार-पाच छटा पुरतात. त्या एकमेकींत मिसळून मधल्या छटा तयार करता येतात. कन्सीलर, पावडर, गालाची लाली, डोळ्यांच्या रंगांची एक चांगली पेटी, काजळ, लायनर, लिपस्टिकच्या मोजक्या छटा आणि चांगले ब्रश. खर्च ब्रशवर आणि फाउंडेशनवर करावा. बाकीचे हळूहळू वाढवावे.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात हा माल घाऊक मिळतो. पण तेथे काय आणि अन्यत्र काय, नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली मालही बाजारात फिरतो. निम्म्या किमतीत मिळणारी परदेशी लिपस्टिक ही स्वस्त नसते. ती बहुधा खोटी असते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत पाहावी. देशी मालावर उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि परदेशी मालावर आयातदाराचा पत्ता असलाच पाहिजे. पक्के बिल घ्यावे. बिल देत नाही त्याच्याकडून आपण सूत घेत नाही, मग चेहऱ्याला लावायचा माल का घ्यावा?

काही गिऱ्हाईक सामानात काय मिसळले आहे हेही विचारतात. उदाहरणार्थ, लाल छटांमध्ये वापरला जाणारा कार्मिन हा रंग एका कीटकापासून काढतात. लेबलवर तो सी. आय. ७५४७० या क्रमांकाने लिहिलेला असतो. जिला लेबल वाचता येते तिच्यावर अशा घरांचा विश्वास बसतो.

रंगाची पारख

कापडवाल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसतात, म्हणूनच शहाणे गिऱ्हाईक थान घेऊन दुकानाच्या पायरीवर येते. फाउंडेशनची पारखही दिवसाच्या उजेडातच करावी, आणि तीही मनगटावर नव्हे तर जबड्याच्या कडेला, कारण चेहऱ्याचा रंग मानेशी जुळायला हवा. लावून दहा मिनिटे थांबावे. हवेत काही फाउंडेशन थोडे गडद होते.

वधूला ‘गोरी करा’ असा आग्रह घरच्या बायका हमखास धरतात. दोन छटा फिकट फाउंडेशन लावले की सावळा चेहरा गोरा दिसत नाही, राखेसारखा दिसतो. फोटोत मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या रंगाचे येते. हे कलावतीने आधी गोड शब्दांत समजावून सांगावे. तसेच काही पावडरी आणि ऊन-संरक्षक क्रीम फ्लॅशच्या उजेडात पांढरे चमकतात. वधूला स्टेजवर पाठवण्यापूर्वी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून पाहावा, म्हणजे दोष घरातच कळतो.

हवामानाचाही विचार हवा. कोकणात मे महिन्यात घाम थांबत नाही. तेथे तेलकट थर टिकत नाही, पातळ थर आणि पावडर टिकते. मराठवाड्यातील कोरड्या हवेत त्वचा आधी ओलसर केली नाही तर दोन तासांत मेकअप फाटल्यासारखा दिसतो.

स्वच्छता ही खरी साख

या धंद्यात एक डोळा सुजला की दहा गिऱ्हाइके जातात, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक वधूनंतर ब्रश साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. एकीच्या डोळ्याला लागलेली मस्काऱ्याची कांडी दुसरीला लावू नये. एकदाच वापरून फेकायच्या कांड्या स्वस्त मिळतात. लिपस्टिक थेट ओठांना न लावता पट्टीने काढून ब्रशने लावावी. पावडरीच्या पेट्यांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडून त्या निर्जंतुक करता येतात. डोळे आलेले असतील किंवा ओठावर पुरळ असेल तर तेवढ्या भागाला हात लावू नये, आणि तसे स्पष्ट सांगावे.

लग्नाच्या एक-दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडे फाउंडेशन आणि पापण्यांचा गोंद लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर सामान बदलायला वेळ मिळतो. मेंदीचे काम घेणाऱ्या मुलींनी बाजारातील तथाकथित ‘काळ्या मेंदी’पासून दूर राहावे. तिच्यात केस रंगवण्याचे पी. पी. डी. नावाचे रसायन असू शकते आणि त्याने हातावर फोड येतात. शुद्ध मेंदी केशरी ते तांबूस-तपकिरी रंगते. तासाभरात काळीकुट्ट होत नाही.

दर कसा ठरवावा?

बहुतेक मुली शेजारणीचा दर ऐकून त्यापेक्षा दोनशे रुपये कमी सांगतात. हा दर नव्हे, हा अंदाज झाला. दर आपल्या पडतळीवरून निघतो. एक उदाहरण मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत; प्रत्येकीने आपल्या गावाप्रमाणे आपले घालावेत.

समजा पेटीतील सामान ४५,००० रुपयांचे आहे आणि ते ६० वधूंना पुरते. म्हणजे एका वधूमागे ७५० रुपये. नकली पापण्या, कापूस, स्पंज, एकदाच वापरायच्या वस्तू मिळून ३५० रुपये. जाण्या-येण्याची रिक्षा ५०० रुपये. सोबत मदतनीस असेल तर तिचे ८०० रुपये. एकूण २,४०० रुपये झाले. आता हीच मुलगी ३,००० रुपयांत काम घेत असेल तर तिच्या हातात उरले ६००. आधीच्या चाचणीचा एक तास, प्रवासाचे दोन तास आणि प्रत्यक्ष कामाचे तीन-चार तास धरा, म्हणजे सहा-सात तासांची मेहनत ६०० रुपयांत गेली. घरच्यांना मात्र वाटते की पोरीने ३,००० कमावले!

आता उलट बाजूने हिशोब करू. वर्षाला १,८०,००० रुपये घरी आले पाहिजेत असे तिने ठरवले आणि वर्षाला ६० वधू मिळत असतील, तर एका वधूमागे मेहनताना ३,००० झाला. त्यात खर्चाचे २,४०० मिळवले की ५,४०० रुपये होतात. हा तिचा तळ. रिकामे दिवस यातच आले, कारण वर्षाची कमाई ६० कामांवर वाटली आहे. शिकण्याची फी वसूल होणे आणि पेटी वाढवणे यांसाठी थोडे वर हवे. ५,४०० च्या खाली घेतलेल्या प्रत्येक कामात ती पदरचे घालते, हे तिला आकड्यांत दिसले पाहिजे.

नातेवाइकांचे काय? ‘घरचीच आहे, जरा करून दे’ हे वाक्य आमच्या घरांत रोज ऐकू येते. बहिणीला भेट म्हणून शृंगार करून देणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण भेट कोणाला द्यायची हे देणाऱ्याने ठरवायचे असते, घेणाऱ्याने नव्हे. ज्यांना सवलत द्यायची त्यांच्याकडून निदान सामानाचा खर्च घ्यावा. आम्ही आमच्या चुलतभावालाही कापडाचा तुकडा मोजूनच देतो आणि त्याला त्याचे वाईट वाटत नाही.

बयाणा आणि चिठ्ठी

तारीख राखली म्हणजे त्या दिवसाचे दुसरे काम सोडले. म्हणून बयाणा घेतल्याशिवाय तारीख पक्की समजू नये. बयाणा घेताना एक साधी चिठ्ठी लिहावी आणि दोन्हीकडे एकेक प्रत ठेवावी. चिठ्ठीत पुढील गोष्टी असाव्यात : कोणता कार्यक्रम, हळद की निकाह की वलीमा, तारीख, वेळ आणि ठिकाण, वधूखेरीज आणखी किती जणींना तयार करायचे आणि प्रत्येकीचा दर, केशरचना व दुपट्टा लावणे यात धरले आहे की वेगळे, प्रवासखर्च कोणाचा, एकूण रक्कम, मिळालेला बयाणा आणि बाकी. तारीख रद्द झाली तर बयाण्याचे काय होईल, हेही आधीच लिहावे. शर्त आधी सांगितली की भांडण होत नाही. घरात मृत्यू किंवा आजारपण झाले तर तीच रक्कम पुढच्या तारखेला धरावी. माणुसकी गेली तर धंद्याला बरकत कसली?

बाकी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी किंवा निदान वधू खुर्चीवरून उठण्यापूर्वी घ्यावी. वधू स्टेजवर गेली की हिशोबाला कोणालाच सवड नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशाला उधारी म्हणतात. ‘चार जणी म्हटल्या होत्या, सात बसल्या’ हा प्रकारही नेहमीचा आहे. चिठ्ठी हातात असली की वाढीव तिघींचे पैसे मागताना आवाज चढवावा लागत नाही.

दोन पंचांगांचा हंगाम

रमजानमध्ये आणि मोहरममध्ये आपल्या बहुतेक घरांत लग्ने नसतात. ईदनंतर शव्वालमध्ये एकदम गर्दी होते. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे हे महिने दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतात. म्हणून गेल्या वर्षीचा हंगाम यंदाही त्याच दिवसांत येईल असे धरू नये. दुसरीकडे हिंदू घरांतील लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, चातुर्मासात थांबतात आणि अधिक महिन्यात होत नाहीत. २०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामात एक महिन्याचे अंतर.

जी कलावती दोन्ही पंचांगे भिंतीवर लावते आणि शराऱ्यावरचा झुमर बसवण्याइतक्याच सफाईने नऊवारीवरची मुंडावळी बांधायला शिकते, तिचे रिकामे महिने निम्मे होतात. सामानाची खरेदीही मग हंगामाच्या आधी, भाव पाहून करता येते.

आपल्या घरांची खास गरज

पडदा पाळणाऱ्या घरांना घरी येऊन काम करणारी बाईच हवी असते. ही आपल्या मुलींची खास बाजारपेठ आहे आणि तिची जाण बाहेरच्या मोठ्या पार्लरना सहसा नसते. वधूला वुजू केव्हा करायचे आहे, नमाजची कोणती वेळ मध्ये येते, हे आधी विचारून त्याप्रमाणे कामाची वेळ ठरवली आणि नखांना पॉलिश लावण्यापूर्वी विचारले, तर त्या घरातील पुढची चार लग्ने न मागता मिळतात.

कामाचे नमुने मोबाइलवर, इन्स्टाग्रामवर दाखवावेच लागतात. व्यापाऱ्याला नमुन्याशिवाय कोण विचारतो? पण वधूचा फोटो हा तिचा आहे. परवानगी घेतल्याशिवाय, शक्यतो चिठ्ठीतच लिहून घेतल्याशिवाय, तो कोठेही टाकू नये. नकार मिळाला तर फक्त डोळ्यांचा, हातांच्या मेंदीचा किंवा पाठमोऱ्या केशरचनेचा फोटो विचारून घ्यावा. अमुक कलावती फोटो बाहेर जाऊ देत नाही, ही गोष्ट मोहल्ल्यात पसरली की ती हजार फोटोंपेक्षा मोठी जाहिरात असते.

सिनेमाचे बंद दार

मुंबईच्या सिनेमासृष्टीत अनेक दशके एक विचित्र रिवाज होता. तेथील मेकअप कलाकार आणि केशभूषाकारांची संघटना बायकांना केशभूषेचे कार्ड देई, मेकअप आर्टिस्टचे देत नसे. ते काम पुरुषांचे मानले जाई. चारू खुराना या प्रशिक्षित कलावतीचा अर्ज असाच नाकारला गेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने हा नियम रद्द ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे राहण्याची अटही त्याच निकालात गेली. तेव्हापासून कायद्याने हे दार मोकळे आहे. मालिका, जाहिराती, नाटक या क्षेत्रांत जायचे की लग्नकामातच राहायचे, हा प्रत्येक घराचा आणि मुलीचा निर्णय; पण ‘हे काम बायकांचे नाही’ असे आता कोणी म्हणू शकत नाही.

कागदपत्रे आणि भांडवल

धंद्यासाठी वेगळे बँक खाते उघडावे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार आणि पॅन यांवर ती ऑनलाइन होते आणि तिला सरकारी शुल्क काहीही नाही. कोणी दलाल सरकारी फी म्हणून हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नयेत. सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जी.एस.टी. नोंदणी सक्तीची नाही. जमा-खर्च मात्र पहिल्या दिवसापासून लिहावा.

बँकेकडून मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. ही योजना २०१५ पासून आहे. ज्यांना व्याज नको त्यांच्यासाठी हा धंदा सोयीचा आहे, कारण तो थोड्या बचतीवर सुरू होतो आणि पेटी कमाईतून वाढवता येते. प्रत्येक कामातून पेटीच्या झिजेचे पैसे, आपल्या उदाहरणात ७५० रुपये, वेगळे काढून ठेवले तर नव्या सामानासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेवटी आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना एवढेच सांगायचे आहे. मुलगी हुनर शिकली, ब्रश तिच्या हातात आला. वही कशी लिहावी, पडतळ कशी काढावी, बयाणा कसा मागावा, उधारीला नम्रपणे नाही कसे म्हणावे, हे तिला कोणती अकादमी शिकवणार? ते तर आपल्या गादीवर रोज चालते. मुलाला जसे दुकानात शेजारी बसवून शिकवतो तसे महिन्यातून एक संध्याकाळ मुलीच्या वहीशेजारी बसावे. रात्री उशिराच्या कामावर तिच्यासोबत भाऊ जावा आणि येताना घेऊन यावा. आणि तिने आणलेला पैसा तिच्याच खात्यात जमा व्हावा. एवढे झाले तरी ज्याला आज शौक म्हणतात तो उद्या भरभक्कम धंदा होईल.